प्रतिकृती कशाशी प्रामाणिक असते?

नक्कल मूळ वस्तूच्या रूपाशी एकनिष्ठ असावी की तिच्या कार्याशी, हा प्रश्न यंत्राच्या बाबतीत विशेष टोकदार होतो. कारण यंत्र पाहण्यासाठी नव्हे, चालवण्यासाठी घडवलेले असते. अमेरिकेतील सॅम्युएल कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ आणि १८६० च्या ‘आर्मी’ रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती याचे चांगले उदाहरण आहेत. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोंपिया या बंदूककारांच्या गावात त्या अनेक दशके घडत आल्या आहेत.

कोल्टच्या या रचनेत सिलिंडरवरून जाणारी पट्टी नाही. चौकटीतून पुढे आलेल्या जाड दांड्यावर, म्हणजे आर्बरवर, नळी सरकवतात आणि दोहोंतून आरपार जाणारी पोलादी पाचर तिला धरून ठेवते. मूळ रचनेत आर्बरचे टोक नळीखालच्या भोकाच्या तळाला टेकते आणि त्याच वेळी नळीचा खालचा भाग चौकटीला भिडतो. टेकू दोन असल्याने पाचर घट्ट ठोकली तरी नळी जागची हलत नाही. अनेक प्रतिकृतींत मात्र आर्बर किंचित आखूड पडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पण पाचर जास्त ठोकली की नळी मागे झुकून सिलिंडर अडतो, कमी ठोकली की नळी व सिलिंडरमधली फट वाढते आणि बारागणिक सांधा खिळखिळा होतो. इलाज म्हणून भोकाच्या तळाशी पोलादाची चकती बसवतात व दोन्ही टेकू एकाच क्षणी लागेपर्यंत ती कानशीने घासतात.

आता मूळ कोल्टमध्ये अशी चकती कधीच नव्हती. मग दुरुस्तीने प्रतिकृती मुळापासून दूर गेली का? प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात वापरणारा, घडवणारा आणि अनुकरण करणारा अशी उतरंड लावली आहे: बासरीचे खरे ज्ञान वादकाला, कारागिराने त्याचे ऐकावे, आणि चित्रकाराला केवळ दिसते ते ठाऊक. केवळ बाह्य मापे उतरवणारा कारखाना या उतरंडीत चित्रकाराशेजारी बसतो. सैल सांधा ओळखणारा नेमबाज वादकाच्या जागी आहे, म्हणून निवाडाही त्याचाच मानायला हवा.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो: चाक, आस, जू यांपैकी रथ कोणता? कोणताच नाही, भागांच्या आधाराने व्यवहारात चालणारे ते एक नाव आहे. हा विचार मान्य केला, तर एका भागाची भर पडल्याने रिव्हॉल्व्हरची ओळख बिघडत नाही. उलट भागांमधला जो संबंध कोल्टने योजला होता, तो नक्कल करताना हरवला आणि चकतीने परत आला. म्हणून दुरुस्त केलेली प्रतिकृती कारखान्यातून आलेल्या प्रतिकृतीपेक्षा मुळाशी अधिक प्रामाणिक ठरते.

हा युक्तिवाद अस्सल जुन्या शस्त्राला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तिथला सैलपणा वापराने आलेला असतो आणि त्या शस्त्राच्या इतिहासाचा भाग असतो. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेने नवी भर मुळापासून वेगळी ओळखू यावी, असा दंडक घातला. तोच इथे लावला, तर संग्रहातले रिव्हॉल्व्हर आहे तसेच ठेवणे उचित. आणि भर घालावीच लागली, तर ती न चिकटवता, पुन्हा काढता येईल अशी बसवावी.