वेगळेपण राखणाऱ्या परमेश्वरास

हे परमेश्वरा,

दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटांवर तू निळ्या पेट्रेलला घर दिलेस. ओंजळीत मावेल एवढा तो समुद्रपक्षी. स्कुआ पक्षी टिपून खातात म्हणून तो दिवसाउजेडी घराकडे फिरकत नाही. काळोख पडला की समुद्रावरून येतो आणि मऊ मातीत खणलेल्या बिळात शिरतो. नर आणि मादी दिसायला सारखेच, आणि बिळात तर काहीच दिसत नाही. तरीही जोडी जुळते आणि वर्षानुवर्षे टिकते. वर्षाला एकच अंडे, ते दोघे आळीपाळीने उबवतात. जिथे डोळ्यांचा उपयोग नाही तिथे तू त्यांना गंधाची वाट दिलीस. त्याबद्दल तुला वंदन.

पाखरांना वास येत नाही, असे आम्ही माणसे फार काळ मानत आलो. ऑड्युबॉनसारख्या मोठ्या पक्षीनिरीक्षकानेही गिधाडांवर प्रयोग करून तसेच सांगितले होते. पुढे 1960 च्या दशकात बेट्सी बँग या वैद्यकीय चित्रकार बाईंनी पक्ष्यांच्या नाकाची आणि मेंदूची रचना बारकाईने तपासली. पेट्रेलच्या कुळात गंध जाणणारा मेंदूचा भाग चांगला मोठा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. 2004 साली फ्रान्सेस्को बोनादोना आणि गॅब्रिएल नेविट यांनी केर्गेलेनवरच्याच अंटार्क्टिक प्रिऑन या पक्ष्याला दोन वाटांपाशी सोडले. एका वाटेला त्याच्या जोडीदाराचा गंध होता, दुसरीला परक्याचा. पक्षी जोडीदाराच्या गंधाकडे गेला. स्वतःचा गंध आणि जोडीदाराचा गंध समोर ठेवला, तेव्हाही त्याने जोडीदाराचाच निवडला. जे तू केव्हाच घडवून ठेवले होतेस ते पाहण्याची नजर या माणसांना दिलीस, त्याबद्दल तुझे आभार.

हे जीवनदात्या, प्रत्येक देहात तू राखण ठेवली आहेस. एमएचसी नावाच्या जनुकांपासून जे रेणू घडतात, ते शिरलेल्या जंतूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतात. ते पाहून प्रतिकार करणाऱ्या पेशी शत्रू ओळखतात. पण एका प्रकारच्या रेणूला सगळ्याच जंतूंचे तुकडे धरता येत नाहीत. म्हणून आईकडून एक आणि बापाकडून वेगळे असे वाण मिळाले, तर पिल्लाला अधिक रोग ओळखता येतात. एकाच अंड्यावर वर्षाची सारी आशा ठेवणाऱ्या पाखरासाठी ही केवढी मोठी तरतूद!

2012 साली केर्गेलेनवरच्या निळ्या पेट्रेलच्या जोड्या तपासल्या, तेव्हा दिसले की या जनुकांच्या एका गटात जोडीदार एकमेकांपासून निव्वळ योगायोगाने असावेत त्याहून अधिक वेगळे आहेत. 2017 साली नुसत्या गंधावरून निवड करायला दिली, तेव्हा नर आपल्याहून अधिक वेगळ्या मादीच्या गंधाकडे वळले. अंडी उबवणाऱ्या माद्या मात्र उलट, आपल्याशी मिळत्याजुळत्या नराच्या गंधाकडे गेल्या. उत्तर अमेरिकेतल्या साँग स्पॅरो या चिमणीलाही पिसांना लावायच्या तेलाच्या वासावरून या जनुकांतला फरक कळतो. एका प्रयोगात तुझे सारे सूत्र उलगडत नाही. जे उलगडले त्याचा आनंद आणि जे उरले त्यासाठी धीर, दोन्ही आम्हाला दे.

दयाघना, आता आमचे मागणे ऐक. माणसाने बोटीतून नेलेली मांजरे आज केर्गेलेनवर या बिळांतल्या पाखरांना मारतात. 2024 साली बर्ड फ्लूचा विषाणूही त्या बेटांवर पोचला. थवे घटले की निवडीला जोडीदार कमी उरतात, जनुकांचे वाण कमी होतात आणि नव्या रोगापुढे पिल्ले उघडी पडतात. हे आमच्या ध्यानात आण. बेटांवरची मांजरे आवरण्यासाठी झटणाऱ्यांच्या हातांना बळ दे. रात्र रात्र थंडीवाऱ्यात बिळांपाशी बसून नोंदी करणाऱ्यांना सांभाळ. जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणण्याच्या घाईपासून आम्हाला दूर ठेव.

देवा, त्या इवल्याशा पाखराची राखण तू वेगळेपणावर सोपवली आहेस. ते वेगळेपण आमच्या हातून पुसले जाऊ नये, एवढी सद्बुद्धी आम्हा सर्वांना दे.