ग्विदित्सोलोची मुलं आणि एक आडनाव

मोटार-उद्योजक एन्झो फेरारीवरच्या, मायकेल मान यांच्या ‘फेरारी’ (२०२३) या चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. रस्त्यालगतच्या एका घरात कुटुंब जेवायला बसलं आहे. लांबून इंजिनांची घरघर येते, तशी मुलं ताटावरून उठून बाहेर धावतात. आपण या घरात याआधी कधी आलेलो नसतो आणि पुन्हा येणारही नसतो. १२ मे १९५७ रोजी ब्रेशा ते रोम आणि परत ब्रेशा अशी सुमारे सोळाशे किलोमीटरची, मुलं पाहायला धावली तीच ‘मिल्ले मिल्या’ शर्यत शेवटच्या टप्प्यात असताना ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. गाडी रस्त्याकडेच्या गर्दीत घुसली. पोर्तागो, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मेले. त्यांत पाच मुलं होती.

मला हा जेवणाचा प्रसंग अख्ख्या चित्रपटातला सर्वांत धाडसी वाटतो, कारण उद्योजकांवरचे चरित्रपट सहसा अशा घरात शिरतच नाहीत. त्यांची रीत ठरलेली असते. माणूस ध्येयवेडा असतो, त्याच्या वेडाची किंमत भोवतालचे लोक मोजतात, आणि ती किंमत केवढी हे आपण त्याच्याच चेहऱ्यावरच्या वेदनेवरून ठरवायचं असतं. त्याला पुरेसं दुःख झालेलं दिसलं की हिशेब मिटल्यासारखं वाटतं. शोक हीच निर्दोषत्वाची साक्ष ठरते.

मान यांच्याकडे या शोकाला सबळ कारण आहे. एन्झो आणि त्याची बायको लाउरा यांचा मुलगा दिनो १९५६ च्या जूनमध्ये, चोविसाव्या वर्षी, स्नायूंच्या असाध्य आजाराने गेला होता. बाप रोज त्याच्या थडग्यापाशी जातो. एन्झोचं सबंध आयुष्य सांगण्याऐवजी दिग्दर्शकाने १९५७ मधले काही महिनेच निवडले, हे फार शहाणपणाचं झालं. मोदेना हे लहान शहर, तिथे फेरारी आणि मासेराती यांची गल्लीतल्यासारखी स्पर्धा. कामगार चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेले असतानाही बाहेरच्या ट्रॅकवरचा पिस्तुलाचा बार ऐकून खिशातलं स्टॉपवॉच दाबतात. एका शहराचा श्रद्धाविषय कसा बदलत जातो, हे यापेक्षा नेमकं दाखवता येणार नाही.

याच वर्षी मार्चमध्ये मोदेनाच्या ट्रॅकवर फेरारीचा चालक एउजेनियो कास्तेलोत्ती मेला. चित्रपटात नोकरीच्या आशेने तिथेच उभ्या असलेल्या पोर्तागोला एन्झो लगोलग ऑफिसशी संपर्क साधायला सांगतो. प्रसंग अंगावर येतो, पण इतिहास तसा नाही. पोर्तागो १९५६ मध्येच फेरारीसाठी फॉर्म्युला वनमध्ये धावला होता. त्या वर्षीच्या ब्रिटिश ग्रां प्रीत पीटर कॉलिन्सबरोबर गाडी वाटून घेऊन त्याने दुसरा क्रमांकही मिळवला होता. मालक किती थंड रक्ताचा आहे हे ठसवण्यासाठी केलेली ही मोडतोड मला खटकते. खरी परिस्थिती याहून भयंकर होती. माणूस मेल्यावर दुसरा शोधावा लागत नसे, दुसरा आधीपासून संघात असायचाच.

लाउराच्या बाबतीत मात्र चित्रपट कुठेही घसरत नाही. पेनेलोपी क्रूझने ती केवळ फसवली गेलेली बायको म्हणून रंगवलेली नाही. कंपनीचे निम्मे समभाग तिच्या हातात आहेत, हिशेबाच्या वह्या तिला तोंडपाठ आहेत. बँकेत गेल्यावर तिला नवऱ्याच्या दुसऱ्या घराचा सुगावा लागतो. त्या घरात लीना लार्दी आणि तिला एन्झोपासून झालेला मुलगा पिएरो राहतात. कारखाना दोघांच्या सहीने उभा राहिला आणि श्रेय एकाच्या आडनावाला मिळालं, हे ती वाद न घालता दाखवून देते. उद्योगाच्या चरित्रांत अशा बायका तळटीपेत जातात, इथे ती मधोमध बसली आहे.

आणि म्हणूनच शेवटाकडचा तिचा प्रसंग मला इतका अस्वस्थ करतो. अपघातानंतर वर्तमानपत्रं एन्झोला खुनी म्हणतात. लाउरा आपल्याकडची रक्कम त्याला देते. पत्रकारांची तोंडं बंद करायला हा पैसा उपयोगी पडेल. मागणं एकच, ती जिवंत असेतो पिएरोला फेरारी हे नाव द्यायचं नाही. अभिनय म्हणून प्रसंग अप्रतिम आहे. पण त्या टेबलावर काय चाललं आहे? पाच मुलांच्या मरणाबद्दलचं मौन विकत घेण्याचा पैसा आणि एका मुलाच्या आडनावाचा प्रश्न एकाच व्यवहारात बसवले जातात. सव्वादोन तासांचा चित्रपट पिएरोला नाव मिळेल का याची चिंता वाहतो. ग्विदित्सोलोच्या मुलांना तो एक जेवण देतो, नाव देत नाही.

चरित्रपट एका माणसाचा असतो, सगळ्यांचा कसा होईल, असं यावर कोणी म्हणेल. मान्य. शिवाय न्यायालयाने १९६१ मध्ये एन्झोला निर्दोष ठरवलं. रस्त्यात बसवलेल्या परावर्तक खुंटीवर आपटून टायर फाटला, असा निष्कर्ष निघाला. तोही मी नाकारत नाही. पण गुन्हा कोणाचा एवढं ठरवून न्यायालयाचं काम संपतं. शेकडो गावांच्या हमरस्त्यावरून, कठड्यावाचून, अफाट वेगाने गाड्या का धावत होत्या, हा प्रश्न उरतो. चित्रपटाकडे त्याचं उत्तर आहे, फक्त तो ते जोडत नाही. इतर कारखाने गाड्या खपवण्यासाठी शर्यतीत उतरतात, मी शर्यतीत उतरता यावं म्हणून गाड्या विकतो, असा एन्झोचा दावा. दिवाळ्याच्या काठावरच्या कंपनीसाठी ही शर्यत जिंकणं हेच भांडवल मिळवण्याचं साधन होतं. त्या दिवशी पहिले तिन्ही क्रमांक फेरारीच्या गाड्यांनी पटकावले. दोनच वर्षांपूर्वी, १९५५ मध्ये, ल मान्समध्ये ऐंशीहून अधिक माणसं शर्यतीत मेली होती आणि स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली होती. धोका काय आहे हे युरोपात कोणाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही.

१९५८ मध्ये फेरारीचा चालक लुइजी मुस्सो फ्रान्समध्ये शर्यतीत मेला, तेव्हा व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने एन्झोची तुलना स्वतःची पोरं गिळणाऱ्या सॅटर्न या रोमन देवाशी केली. निषेध कठोर होता, तरी त्यातही मेलेले चालक ‘त्याची पोरं’च ठरले, मरण पुन्हा त्याच्याच घरातलं झालं. रस्त्याकडेला उभे असलेले कोणाचीच पोरं नव्हते. मान यांचा शेवटही याच घराकडे वळतो, पिएरोला सावत्र भावाच्या थडग्यापाशी नेऊन. वंश पुढे चालला याचं समाधान प्रेक्षकाला मिळतं, आणि प्रत्यक्षातही १९७८ मध्ये लाउरा गेल्यावर पिएरोला ते नाव मिळालं. माझ्या मते चित्रपट त्याआधीच, त्या जेवणाच्या टेबलाकडे परत जायला हवा होता. दिग्दर्शकाने तो दरवाजा स्वतः उघडला होता.