रिपोर्ट कोरे, दुखणे खरे

बुलडाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला दुखणाईत माणसाची ओळख नवी नाही. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाचे नाव रुग्णसेवेमुळेच पंचक्रोशीच्या पलीकडे गेले. पण एका प्रकारचे दुखणे असे आहे की ते घेऊन जावे कुठे, हेच कळत नाही. पंधरा-वीस वर्षे नोकरी करून गावी परतलेल्या फौजीच्या घरात खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते. तिच्यात एक्स-रे, ईसीजी, रक्ताचे कागद असतात आणि प्रत्येकावर शेरा एकच: नॉर्मल. इकडे सांधे धरलेले, डोके जड, झोप तुटक, वाचलेले ध्यानात राहत नाही, दोन तास वावरात काम केले की दोन दिवस अंथरूण. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. गाव म्हणते, पेन्शन सुरू आहे, आता याला काय धाड भरली? या माणसाशी ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा, फोनवर बोलत राहणे हा खरा उपचार आहे, आणि विदर्भातल्या खेड्यांना तो आधी मिळायला हवा, असे माझे मत आहे.

या विचारापर्यंत वैद्यकशास्त्र सरळ वाटेने आलेले नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, दम लागणे आणि थकवा यांचा अभ्यास करून जेकब दा कोस्टा यांनी 1871 मध्ये त्याला चिडके हृदय म्हटले. म्हणजे दोष हृदयाचा. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. आधी तोफगोळ्याच्या हादऱ्याला दोष दिला गेला, मग मज्जातंतूंना, आणि शेवटी माणसाच्या हिमतीलाच. त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. 1916 च्या एप्रिलमध्ये कुत-अल-अमाराला शरण गेलेल्या फौजेतही त्या होत्या. पाऊणशे वर्षांनी, 1991 मध्ये, अमेरिकेचे जवळपास सात लाख सैनिक आखाती युद्धावरून परतले आणि त्यांच्यापैकी निदान चौथा हिस्सा अशाच दुखण्यांनी ग्रासला. सरकारने आधी ताणाचे कारण पुढे केले. 2008 मध्ये तिथल्याच सरकारी सल्लागार समितीने सांगितले की हा आजार खरा आहे, आणि विषारी वायूपासून बचाव म्हणून दिलेल्या गोळ्या व कीटकनाशके यांच्याशी त्याचा संबंध आहे. 2022 मध्ये रॉबर्ट हेली यांच्या संशोधनाने सरिन वायूकडे बोट दाखवले.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. दुखणे विषाचे असेल तर बोलून काय होणार? बोलण्याचा उपचार देणे म्हणजे ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असेच सांगणे नव्हे का? सैनिकांचा हा राग रास्त आहे, कारण बोलण्याचा उपचार अनेकदा तसाच दिला गेला. पण मधुमेह साखरेचा असतो, तरी पथ्य कसे पाळायचे हे बोलूनच शिकावे लागते. बोलण्याने विष उतरत नाही. विषाने हिरावलेल्या दिवसातला काही भाग परत मिळवता येतो. 2003 मध्ये आखाती युद्धातल्या 1,092 सैनिकांवरच्या चाचणीत विचार-वर्तन उपचार घेतलेल्यांपैकी साडेअठरा टक्के लोकांची शारीरिक क्षमता वाढली, नेहमीच्या उपचारात साडेअकरा टक्क्यांची. फरक थोडा आहे, तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. त्यानंतर न्यू जर्सीतल्या संशोधकांनी पवित्रा बदलला: लक्षणांशी भांडण्याऐवजी लक्षणांमुळे अडलेले काम सोडवायला शिकवायचे, तेही फोनवरून. मला या वळणात शहाणपण दिसते. समजा, डोके चालत नाही म्हणून हयातीचा दाखला राहिला, पेन्शन अडली, चिंतेने झोप गेली आणि सांधे आणखी धरले. समुपदेशक विचारतो: नेमके कुठे अडते? ओटीपीला की बोटाच्या ठशाला? सकाळी डोके हलके असते की दुपारी? मग आठवड्याचे एकच काम ठरते, आणि पुढच्या फोनवर त्याची विचारपूस होते.

दुसरा आक्षेप फोनचा. चेहरा दिसत नाही, मग माणूस कसा कळणार? 2012 मध्ये नैराश्याच्या 325 रुग्णांत फोनवरच्या आणि समोरासमोरच्या उपचाराची तुलना झाली. उपचार अर्ध्यात सोडणाऱ्यांचे प्रमाण समोरासमोर सुमारे 33 टक्के, फोनवर 21 टक्के होते, आणि उपचार संपताना दोन्हीकडे सारखाच फायदा झाला होता. सहा महिन्यांनी मात्र समोरासमोरचे रुग्ण थोडे पुढे राहिले. ही उणीव मान्य करावीच लागते. पण हिवरा आश्रमच्या माणसापुढे फोन की तज्ज्ञ अशी निवड नसते; फोन किंवा काहीच नाही, अशी असते. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेला म्हणून विदर्भाच्या दुसऱ्या टोकाचे नागपूरचे मनोरुग्णालय जवळ आले असे नाही. शिवाय दुखणाऱ्या कमरेने प्रवास करून चार शब्द बोलायला जाणे हीच मोठी शिक्षा. आणि वेड्याच्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहील, ही भीती फोनला नसते. तपासणी मात्र फोनवर होत नाही; वजन घटले, ताप राहिला, हात बधिर झाला, तर आधी डॉक्टरच, हा नियम मोडता कामा नये.

तज्ज्ञ नसताना बोलणार कोण, याचे उत्तर आपल्याच विभागात मिळाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्या कार्यकर्त्यांना तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण तिथे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने साध्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकींचा उपचार देऊन तो उपयोगी ठरतो हे 2017 मध्ये दाखवले. सैन्यासाठी तर दारही उघडले आहे: ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 ला तिचा सैन्यासाठीचा खास कक्ष निघाला.

तरीही माझे समाधान होत नाही. हेल्पलाइन फोन येण्याची वाट पाहते, आणि ‘मला काही झालेले नाही’ म्हणायला शिकवलेला फौजी तो लावत नाही. ज्या उपचाराचा पुरावा आहे, तो उलट दिशेचा आहे: त्याच आवाजाने, ठरलेल्या वारी, आपणहून केलेले दहा-बारा फोन. तेही माणसाच्या बोलीत, कारण ‘जीव घाबरा होतो’ याचे हिंदी होताना त्यातला जीवच जातो. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे निवृत्त जवान तर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतही बसत नाहीत. बुलडाणा जिल्ह्याने या दलाचे दोन जवान पुलवामाच्या हल्ल्यात गमावले, हे विसरून चालणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची यादी असते. त्या यादीवरून, पेन्शनची चौकशी करावी तितक्या सहजपणे, पहिला फोन त्यांनी करावा, आणि राखीव दलाच्या निवृत्तांनाही त्यात घ्यावे. तोवर घरच्यांनी ती पिशवी फेकू नये आणि तिच्यावरून टोमणे मारू नयेत. ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.