जामीन होऊनही भाऊ आत

बस. मान वर कर, आणि माझं संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस.

तुझा धाकटा भाऊ कलबुर्गीच्या मध्यवर्ती तुरुंगात, कोर्टानं जामीन दिलेला, तरीही तो आतच! हे मला बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळलं. आईला सांगितलंस, तो पुण्याला कामाला गेलाय. ती बिचारी रोज त्याच्या फोनची वाट पाहते आणि तू घराण्याचं नाव बुडालं म्हणून तोंड लपवून हिंडतोस. अरे, अजून खटला चालायचाय. आळ आला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, हे तुला कोणी शिकवलं? मी तरी नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या घरात माणसं होती. त्यांतली शंभरातली पंचाहत्तर अशीच, निकाल न लागलेली. आणि भावावर तू निकाल देऊन मोकळा झालास. कोर्टाच्याही आधी!

भेटायला वेळ नाही म्हणतोस. २०१७ पासून बीदर-कलबुर्गी रेल्वे आपल्या गावावरून जाते, बसगाड्या आहेतच. आधार कार्ड घे, भेटीचे वार विचार आणि जा. जाणं जमलं नाही तर ई-मुलाकातीची सोय आहे, मोबाइलवरून नाव नोंदवता येतं. घरच्यांची भेट ही जेलरची मेहेरबानी नाही. कैद्याच्या जगण्याच्या हक्कातच ती येते, असं सुप्रीम कोर्टानं १९८१ साली फ्रान्सिस कोरॅली मुलिन खटल्यात सांगून ठेवलंय. हक्क त्याचा आहे, पण दारात उभं राहायला माणूस लागतो.

आता जामिनाचं. कोर्टाच्या आवारातल्या त्या मध्यस्थाला पैसे मोजलेस ना? कशाचे? भाड्यानं जामीनदार उभा करायचा, खोटी कागदपत्रं लावायची, आणि उद्या ती उघडी पडली की दोघंही भाऊ आत! म्हणे जामिनासाठी इथली पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कोणी द्यायला तयार नाही. मग उमरग्याचा मामा मेलाय का? त्याचा सातबारा आहे, भाच्यासाठी तो यायला तयार आहे, आणि तू परस्पर ठरवलंस की महाराष्ट्रातला जामीनदार चालत नाही. वकिलाला विचारलंस? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची हीच गत झाली होती. दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढलं. परमुलखात पकडलेल्या कन्नडिगानं तिथला जमीनदार जामीन राहायला कुठून आणायचा, असं त्यांनी विचारलं. सीमेवरच्या आपल्या गावात तरी हा निकाल प्रत्येकाला ठाऊक हवा. इथं कोणत्या घराची सोयरीक पलीकडे नाही?

आणि वकिलाला पैसे नाहीत हे तर मला सांगूच नकोस. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. १५१०० वर फोन लाव, नाहीतर बीदरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जामीन होऊन आठवडाभरात कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं प्राधिकरणाला कळवावं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्टानं करावा, असा सुप्रीम कोर्टाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. जामिनाच्या रकमेवाचून अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. काही गुन्हे तिच्यात बसत नाहीत, पण त्याच्यावरचा मोटारसायकल चोरीचा आळ त्यांतला नाही. अर्ज कर. आपोआप काही होत नाही, हे इतके दिवस बघतोयस ना?

तोवर त्याला पत्र लिही. मराठीतच लिही, तुला येतं ते. पण पत्रं तुरुंगात उघडून वाचतात, तेव्हा खटल्यातलं एक अक्षर त्यात घालू नकोस. ते वकिलापाशी बोलायचं. शेतात काय पेरलं, म्हैस व्याली का, पोरगी कितवीत गेली, हे लिही. आत त्याला तेवढंच हवं असतं.

उठ आता. मामाला माझ्यासमोर फोन लाव. आणि आज रात्री जेवायच्या आधी आईला खरं सांग. तुला जमत नसेल तर मी येतो सोबत, पण सांगायचं तू.