गरिबाच्या दारी डबा न्यावा काय?

कापणीचा सण जवळ आला की आमच्या खेडोपाडीच्या भगिनी मंडळांची लगबग सुरू होते. दोघी-तिघी भगिनी हाती डबा व पावतीपुस्तक घेऊन निघतात, आणि दारोदार फिरून जवळच्या दवाखान्यातील गरीब रोग्यांसाठी, अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी, अथवा गावातल्याच निराधार म्हाताऱ्यांसाठी वर्गणी जमवतात. हे काम चांगले आहे ह्याविषयी वाद नाही. ऊन, कुत्री आणि ‘उद्या या’ ही तिन्ही सोसून ज्या स्त्रिया हे काम करितात, त्यांना बोल लावण्याचा अधिकार घरी बसून लिहिणाऱ्या आम्हांस तर मुळीच नाही. परंतु ह्या कामात एक प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर बहुतेक मंडळे विचार न करिताच देऊन मोकळी होतात. तो प्रश्न हा की, जे घर स्वतःच साहाय्यास पात्र आहे, त्या घराच्या दारी डबा न्यावा किंवा न न्यावा?

काही वर्षांमागे एका लहान गावी आम्ही सणानिमित्त उतरलो होतो. दिवसभर फिरून आलेल्या भगिनी तिन्हीसांजेला खजिनदारीण बाईंच्या ओसरीवर पैसे मोजीत बसल्या होत्या. इतक्यात गावाच्या टोकाला राहणारी एक विधवा तेथे आली. ही बाई मजुरीवर पोट भरणारी. मागच्या पावसाळ्यात काम बंद पडले तेव्हा ह्याच मंडळाने तिला दोन महिने तांदूळ पुरविले होते. ती ओसरीखाली उभी राहून म्हणाली, “बाई, माझ्या घराला दार नाही का?”

खजिनदारीण बाई गोंधळल्या. “तसं नव्हे, मावशी. तुमची अडचण आम्हांला ठाऊक आहे, म्हणून मुद्दामच आलो नाही. मनाला लावून घेऊ नका.”

“अडचण माझी आहे, ती मी बघीन. पण तुम्ही मला नुसती घेणाऱ्यांतच धरलीत.” एवढे बोलून तिने पदराची गाठ सोडली व दहा रुपयांची नोट पुढे केली. आम्हांस वाटले की ती तेवढ्यावर परत जाईल; पण ती थांबली. तिला पावती पाहिजे होती. पावती लिहून झाली तेव्हा तिने ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली, घडी घालून चोळीत ठेवली, आणि मग गेली.

ती गेल्यावर ओसरीवर जे बोलणे झाले त्यावरून हा लेख सुचला. एक भगिनी म्हणाली, “आपणच तांदूळ दिले, आणि आपणच पैसे परत घेतले, मग ह्यात दान कोणाचे झाले?” दुसरी म्हणाली की हे पैसे घेणे पाप आहे, उद्या सकाळी नेऊन द्यावे. तिसरी एवढेच म्हणाली, “मी असते तर मीही आले असते.”

पैसे परत करावे असे म्हणणाऱ्या भगिनीचे मन कोमल होते ह्यात शंका नाही. तथापि तिची दया कोणत्या वाटेने चालली होती ते पाहा. आमच्या मंडळींपैकी पुष्कळांच्या आजापणजांना गावकीच्या पाळीप्रमाणे घरोघर भाकर मागून आणावी लागे. येसकराचा हात खाली, आणि वरून भाकर टाकणाराचा हात वर. आणि तो वरचा हात खालच्या हाताकडून कधी काही घेत नसे, कारण त्याच्या हातचे घेणे म्हणजे विटाळ. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील ती कनिष्ठ गाववतने रद्द झाली. पण ज्याच्या हातून कोणी काही घेत नाही तो माणूस हलका, ही समजूत कायद्याने जात नसते. ती दयेच्या रूपानेही परत येऊ शकते. गरिबाचे दार चुकवून जाणारी भगिनी त्याला विटाळ मानीत नाही, हे खरे. परंतु आत बसलेल्या माणसाने पावले पुढे गेलेली ऐकली, तर त्याला काय कळणार? तुझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, एवढेच ना?

‘दान कोणाचे झाले’ ह्या प्रश्नाचे उत्तर यहुदी शास्त्र्यांनी फार पूर्वी देऊन ठेविले आहे. मैमोनिदीस नावाचा थोर यहुदी पंडित १२०४ साली मिसर देशात वारला. दानधर्माचे नियम त्याने एका ठिकाणी संगतवार लिहिले आहेत. (ज्यांची मातृभाषा मराठी आहे ते आमचे कोकणातील बेने इस्राएल लोक ह्याच परंपरेचे वारस होत.) तो सांगतो की जो मनुष्य धर्मादायावर जगतो त्यानेही, मिळाले त्यातून काही, दुसऱ्यास द्यावे. म्हणजे तांदूळ मंडळाने दिले खरे, पण दिल्यावर ते मंडळाचे राहिले नाहीत, बाईचे झाले. आणि पदराला गाठ मारून राखलेली ती नोट तर तिच्या घामाची होती. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याने मनात हक्क ठेविला, तर त्याने ती दिलीच नाही, उसनी घातली.

येथपर्यंत वाचून कोणी भगिनी म्हणेल, ठरले तर. यंदापासून एकही दार सोडावयाचे नाही. जरा थांबावे. आम्ही दुसरीही एक गोष्ट पाहिली आहे.

दुसऱ्या एका ठिकाणी वर्गणीची यादी सभेत मोठ्याने वाचून दाखविण्याचा प्रघात होता. हल्ली तर अशी यादी मोबाइलवरून घरोघर धाडण्याचीही रीत पडली आहे. नाव, आणि नावापुढे रक्कम. तेथील एका ऊसतोड मजुराने पाचशे रुपये दिले, आणि सर्वांनी त्याची वाहवा केली. ते पाचशे त्याने मुकादमाकडून उचल घेऊन आणले होते, हे पुढे त्याच्या बायकोच्या तोंडून कळले. तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. धाकट्या मुलीचे औषध का राहिले, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितले. त्या घराच्या दारी डबा गेला होता. त्या घरचा मान राखला गेला होता. आणि तरी तेथे जे घडले ते दान नव्हते; तो एक प्रकारचा दंड होता, फक्त हसतमुखाने वसूल केलेला.

मग विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट कोणी पुढे करील. ती गोष्ट आमच्या प्रत्येक उपदेशकाला पाठ आहे, आणि वर्गणीच्या दिवशी ती जितकी सांगितली जाते तितकी वर्षभरात दुसरी कोणतीही सांगितली जात नसेल. त्या दोन टोल्यांची किंमत मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सुमारे चौसष्टावा भाग होती. परंतु मार्काच्या बाराव्या अध्यायात ह्या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे, ते सांगताना आम्ही बहुधा तेथून आरंभ करीत नाही. तेथे प्रभू शास्त्र्यांविषयी बोलत आहे: लांब झगे घालून मिरविणारे, मानाच्या जागा शोधणारे, आणि विधवांची घरे गिळंकृत करणारे. तो शब्द तोंडातून निघतो, आणि पुढच्याच प्रसंगात एक विधवा येऊन होते नव्हते ते सारे भांडारात टाकते. ह्या दोन गोष्टी एकाशेजारी एक आहेत हे आम्हांस उगीच वाटत नाही. बाईची थोरवी बाईची आहे. भांडार राखणाऱ्यांना तिने कोणताही परवाना दिलेला नाही. तिचे उदाहरण देणाऱ्याने स्वतःपुढे ठेवावे. मागणाऱ्याने ते दुसऱ्यापुढे ठेविले की त्याची तलवार होते.

सारफथच्या विधवेचे काय, असेही विचारतील. एलीयाने तिच्याकडे तिची शेवटची मूठभर पिठाची भाकर मागितली, हे खरे. पण मागणारा स्वतः उपाशी होता, परदेशी होता, आणि पुढे तिच्याच घरी तिच्याच मडक्यातले खाऊन राहिला. आमच्या मंडळातील भगिनी घरी जाऊन आपल्या चुलीवरचे जेवणार आहेत. हा भेद लहान नाही.

तेव्हा प्रश्न ‘दारी जावे की न जावे’ असा राहत नाही. जावे, हे आमचे मत स्पष्ट आहे. पण अशा रीतीने जावे की त्या घराला देण्याची जितकी मोकळीक आहे तितकीच न देण्याचीही असावी, आणि न दिल्याचे कोणाला कळू नये. वर सांगितलेल्या मैमोनिदीसाच्या नियमांत हाही आहे, की जो उदार माणूस ऐपतीपेक्षा अधिक देतो, किंवा लाजेखातर आपल्या जिवाला त्रास करून देतो, त्याच्याकडे वर्गणी मागण्याची मनाई आहे; आणि त्याला लाजविणाऱ्या वसुलदाराला देवापुढे जाब द्यावा लागेल. गरिबानेही द्यावे असे सांगणारा आणि गरिबाला पिळू नये असे सांगणारा पुरुष एकच आहे, हे ध्यानात घ्यावे.

अशी मोकळीक ठेवण्याची साधने आमच्या देशात नवी नाहीत. मिझोरामच्या डोंगरांत ख्रिस्ती स्त्रिया शंभरांहून अधिक वर्षे एक रीत पाळीत आल्या आहेत. तिला त्यांच्या भाषेत ‘बुह्फाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, असे म्हणतात. भात शिजविताना प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ निराळ्या भांड्यात टाकावयाचे, आणि मंडळीच्या स्त्रियांनी ते घरोघरचे गोळा करून विकावयाचे. आज त्या मुठींतून दर वर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. आमच्या सातारा प्रांती भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाची चाल पाडली, तिचेही मर्म हेच. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला, आणि १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. एक पैसा मागण्यात खुबी अशी की श्रीमंताला त्यात मिरविता येत नाही आणि गरिबाला लाजावे लागत नाही. मुठीची खुबी त्याहून खोल आहे. ती मूठ स्वयंपाकघरात, एकटीने, चुलीपुढे टाकिली जाते. ज्या दिवशी घरात दाणा कमी त्या दिवशी मूठ लहान होते किंवा पडतच नाही, आणि हे त्या बाईला व तिच्या देवालाच ठाऊक असते.

नावे न लिहिली तर पैशांचा हिशेब कसा राहील, ही शंका रास्त आहे. पण हिशेब देणाऱ्यांचा नसतो, घेणाऱ्यांचा असतो. यहुदी लोकांत धर्मादायाची पेटी दोघांनी मिळून फिरवावी व तिघांनी मिळून वाटावी असा दंडक होता. वाटेत वसुलदाराला स्वतःचे म्हणून काही पैसे सापडले तरी त्याने ते आपल्या खिशात न घालता पेटीत टाकावे, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात किल्मिष येणार नाही. पौलानेही करिंथकरांची वर्गणी एकट्याने नेली नाही. सर्व मंडळ्यांत नावाजलेला बंधू बरोबर दिला, आणि त्याचे कारणही पत्रात उघड लिहिले. तेव्हा सभेत वाचून दाखवावयाचेच असेल, तर एकंदर किती जमले व कोठे किती खर्चले ते पैनपै वाचावे. तो कागद मात्र आमची मंडळे फार हळू आवाजात वाचतात.

आणखी एक गोष्ट ओघाने सांगतो. कोणत्या कामाला पैसा द्यावा हे ठरविताना टोकाच्या घरच्या बाईला कोणी विचारीत नाही. गावात कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, कोणती म्हातारी दवाखान्याच्या गाडीभाड्यावाचून अडली आहे, हे तिच्याइतके ओसरीवरच्या भगिनींना ठाऊक नसते. हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरलेल्या पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या, आणि त्याच आश्रमात शिकलेल्या होत्या. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथेही लोकांच्या घरी चाकरी करून राहिल्या. ज्याने घेतले आहे त्याला मागता येते, देता येते, आणि वाटताही येते. मग आमच्या मंडळांच्या कमिट्यांत नेहमी पगारदारांच्याच बायका का असाव्या?

त्या लहान गावच्या भगिनींनी पुढल्या वर्षी काय केले ते आम्हांस कळले आहे. पावतीपुस्तक त्यांनी घरी ठेविले; ज्याला पाहिजे त्याने ओसरीवर येऊन पावती न्यावी असे ठरविले. अरुंद तोंडाचे एक मातीचे मडके घेतले, त्यावर फडके बांधले, फडक्याला हात जाईल एवढे भोक ठेविले. दोघींनी ते प्रत्येक दारी न्यावयाचे, घरच्या माणसाने आत हात घालावयाचा, आणि मुठीत काही होते की नव्हते ते बाहेर कोणाला दिसावयाचे नाही. टोकाच्या घरची ती मावशी मडके धरणाऱ्या दोघींपैकी एक होती. त्या वर्षी रक्कम आधीच्या वर्षापेक्षा कमी भरली. त्यावर सभेत बरीच कुरकुर झाली, आणि यादी पुन्हा सुरू करावी असे म्हणणाऱ्या भगिनी अजूनही तेथे आहेत. मंडळाच्या वहीत त्या वर्षीच्या पानावर देणाऱ्यांची नावे नाहीत. एकंदर रक्कम आहे, मोजणाऱ्या दोघींच्या सह्या आहेत, त्यांपैकी एक अंगठा आहे, आणि त्याखाली लिहिले आहे: ‘दारे ४३, एकही सोडले नाही.’