श्वासापुरतं वर येणारी पाठ

आर्णीहून तारकर्लीला पोचायचं म्हणजे एक दिवस आणि एक रात्र प्रवासातच जाते. अरुणावतीच्या काठी वाढलेल्या माणसाला समुद्राचं अप्रूप असतं, आणि एवढ्या लांबून आल्यामुळे घाईही असते. देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, होडीत पाय ठेवतानाच आमच्यातल्या एकानं विचारलं, "डॉल्फिन दिसन ना भाऊ? नाही दिसला तं पैसे वापस!" तांडेल काही बोलला नाही. थोड्या वेळानं पाण्यावर एक करडी पाठ उमटली आणि चहूबाजूंच्या होड्या तिच्यावर तुटून पडल्या. आमचीही. पाठ बुडाली, बरीच लांब वर आली, होड्या पुन्हा तिकडे वळल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांची लाज मला नंतर वाटली, आणि ती वाटायला लावली आमच्याच विदर्भानं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या दोन रांगांमध्ये अडकले. त्याची चित्रफीत पाहून आपण सगळे संतापलो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. देवबागला आम्ही वेगळं काय केलं होतं? टिपेश्वर आम्हाला जवळचं. तिथे वाघ रस्ता ओलांडत असला तर गाडी थांबवायची, हे आमच्याकडच्या पोरांनाही कळतं. पाण्यात मात्र ते आम्हाला सुचलं नाही.

कोकण किनाऱ्याला दिसतो तो बहुतेकदा हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर कुबड असलेला. जगभरात तो संकटग्रस्त मानला जातो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन वाघासोबतच पहिल्या अनुसूचीत आहेत. तो उथळ पाण्यात, किनाऱ्यालगतच राहतो. म्हणजे नेमका जिथे आपल्या होड्या फिरतात तिथेच. तो मासा नाही. फुप्फुसानं श्वास घेतो, त्यासाठीच त्याला वर यावं लागतं. आपण ज्याला दर्शन म्हणतो तो त्याचा श्वास असतो. प्रत्येक श्वासाला डोक्यावर इंजिन आलं, तर मादीनं पिल्लाला पाजायचं केव्हा? शिवाय आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो, आणि डॉल्फिन आवाजाच्या पडसादांवरच वाट आणि भक्ष्य शोधतो. इंजिनांच्या घरघरीत ते पडसाद बुडतात.

न्यूझीलंडनं १९९२ साली नियम केले: तीनशे मीटरच्या आत तीनपेक्षा जास्त नौका नकोत, वेग संथ हवा. मालवणचं सागरी अभयारण्य त्याआधीचं, १९८७चं. नियम आपल्यालाही करता येतील, पण पाठलागाचं मूळ मला गिऱ्हाइकाच्या हट्टात दिसतं. तांडेलाचं पोट आमच्या समाधानावर आहे. भाडं समुद्रावरच्या तासाचं द्यायचं, डॉल्फिनचं नाही, हे आम्ही आधीच सांगितलं असतं तर तो कशाला धावला असता?

यंदा पुन्हा गेलो, त्याच तांडेलाकडे. निघण्याआधीच म्हटलं, "दादा, लांबच थांबवा. नाही दिसला तरी पैसे तेवढेच." त्यानं क्षणभर पाहिलं. पाठी दिसल्यावर त्यांची वाट न कापता, त्यांच्या बाजूनं होडी संथ नेली आणि बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं. दोन पाठी, एक लहान. शांततेत त्यांच्या श्वासाचा फुस्स आवाज स्पष्ट आला.

"अशी गिऱ्हाइकां गावली तर डिझेलय वाचात," तांडेल म्हणाला.