नवा कॅमेरा : जरूरत की शौक?

एखादी वस्तू घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न वरवर पैशाचा वाटतो. पैसे नसतील तर तो तिथेच मिटतो. पैसे हाताशी असले की मात्र तो नैतिक होतो. कारण मग 'परवडत नाही' ही सबब उरत नाही आणि 'हवा कशाला?' याचे उत्तर आपले आपल्यालाच द्यावे लागते.

गडहिंग्लजच्या आमच्या उर्दू शाळेत सध्या हाच विषय निघाला आहे. एका माजी विद्यार्थ्याने नव्या कॅमेऱ्यासाठी रक्कम देऊ केली आहे. शाळेचा कॅमेरा जुना, १२ मेगापिक्सेलचा. पण चालू आहे. नवा ४५ मेगापिक्सेलचा असेल. शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एक म्हणतो, फुकट मिळतेय तर घ्या. दुसरा म्हणतो, ही फिजूलखर्ची आहे.

आधी हिशेब पाहू. सहा बाय चार इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा तर १८०० गुणिले १२००, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके पुरतात. बारा बाय आठ इंचांचा मोठा फोटो घेतला तरी साडेशहाऐंशी लाखांच्या आत काम भागते. जुना कॅमेरा एक कोटी वीस लाख ठिपके देतो. शिवाय आकडा चौपट झाला म्हणजे बारकावा चौपट होत नाही. लांबी आणि रुंदी दोन्हीकडे ठिपके वाटले जातात, म्हणून चौपट मेगापिक्सेलला बारकावा जेमतेम दुप्पट. स्नेहसंमेलनाचे फोटो शेवटी मोबाईलवरच पाहिले जातात. तिथे हा फरक कोणाच्या डोळ्यांना कळणार?

आपल्याकडे इसराफ म्हणतात तो केवळ गरिबाने करायचा गुन्हा नव्हे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, अशी शिकवण आहे. आमच्या गावाला हिरण्यकेशी आहे. तिच्या काठी बसून चार लोटे जास्त घेतले म्हणून नदी आटणार नाही. तरीही जपायचे, कारण सवय पाण्याला लागत नाही, आपल्याला लागते. फुकटात मिळालेल्या वस्तूलाही हेच लागू आहे.

पण दुसऱ्या तटाचेही सगळे बरोबर नाही. गावात काही घरांतून जुने उर्दू आणि मोडी कागद, निकाहाच्या वह्या, वतनाचे दस्तऐवज पडून आहेत. वाळवी आणि ओल त्यांना खात आहे. आपल्या मुलांना आपला इतिहास दाखवायचा तर हे कागद टिकले पाहिजेत. इथे ठिपक्यांना अर्थ आहे. साध्या कागदाला जुना कॅमेरा पुरेल. पण ए-३ आकाराच्या मोठ्या पानाला त्याच हिशेबाने एक कोटी चौऱ्याहत्तर लाख ठिपके लागतात. आणि उर्दूत नुक्ता वरून खाली सरकला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. फिकट शाईतला नुक्ता हरवू देणे परवडणारे नाही. ही जरूरत खरी आहे.

तिसरी बाजू चर्चेत कोणी काढली नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. संमेलनात मागच्या रांगेत आया-बहिणी बसतात. फोटोत आपण एक ठिपका आहोत, अशा भरवशावर बसतात. नव्या कॅमेऱ्यात तो ठिपका मोठा करता येतो आणि चेहरा ओळखू येतो. त्यांनी दिलेली मूक परवानगी जुन्या कॅमेऱ्याला होती. यंत्र बदलले की परवानगी पुन्हा मागायला नको का? 'कॅमेरा' आणि आपला 'कमरा' हे शब्द मुळात एकच. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसमने केला होता. दुसऱ्याचा चेहरा आपल्या खोलीत आला की तो अमानत होतो. खोली मोठी झाली की जबाबदारीही वाढते.

आपल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. त्यांच्याकडे काम आधी ठरले होते, यंत्र नव्हते. आपल्याकडे यंत्र दारात उभे आहे आणि काम शोधावे लागते आहे. क्रम असा उलटला की वस्तू आपल्याला वापरू लागते.

म्हणून माझे मत असे. संमेलनाला जुनाच कॅमेरा राहू द्यावा. कागदांसाठी गावातल्या स्टुडिओतून चांगला कॅमेरा आठवडाभर भाड्याने घ्यावा. उरलेल्या रकमेतून कागद ठेवायला कोरडे कपाट आणि प्रती जपायला दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. मात्र देणाऱ्याने पैसे कॅमेऱ्यासाठी दिले आहेत. त्याला न विचारता ते दुसरीकडे वळवणे हीदेखील खयानतच होईल. तेव्हा पहिले पत्र त्याला लिहावे, हा सगळा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. त्याने 'कॅमेराच घ्या' म्हटले तर नम्रपणे रक्कम परत करायची आपली तयारी असावी. ती तयारी आहे का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.